फायब्रोस्कॅन रिव्ह्यू: पोर्टल प्रेशरच्या पेशंटसाठी ही टेस्ट नेमकी किती कामाची

लिव्हर सिरॉसिसचं (लिव्हरमध्ये चट्टे पडून ते कडक होण्याच्या आजाराचं) निदान झालंय किंवा तसा संशय आहे अशा माणसाला आजकाल जवळपास सगळेच डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारी टेस्ट, करून घ्यायला सांगतात, आणि या टेस्टबद्दल मराठीत शोधायला गेलं तर एकतर जाहिराती मिळतात नाहीतर 'पाच मिनिटांत लिव्हर तपासा' असल्या दोन ओळी, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही. मावशीच्या लिव्हरच्या आजारपणात तिच्यासोबत सगळीकडे मी असते, रिपोर्टची फाइल माझ्याकडेच असते, आणि पोर्टल हायपरटेन्शनवरचं संशोधन जेवढं समजेल तेवढं वाचत गेले, अडलं तिथे तिच्या लिव्हरच्या डॉक्टरांना विचारत गेले.

आधीच सांगते, टेस्टला पाचपैकी चार स्टार. ज्या पद्धतीने ती अनेक ठिकाणी केली जाते आणि रिपोर्ट हातात टेकवला जातो त्याला दोनच. टेस्ट चांगली आहे पण ती एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते, आणि तो प्रश्न माहीत नसेल तर तो आकडा बघून माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच निश्चिंत होतो. आणि यातलं निश्चिंत होणं जास्त महागात पडतं.

तर प्रश्न काय आहे ते आधी. आतडी, प्लीहा वगैरेकडून येणारं सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हरमध्ये चट्टे पडून ते कडक झालं की रक्ताला आत शिरायला अडथळा होतो आणि त्या शिरेतलं प्रेशर वाढतं, हेच पोर्टल हायपरटेन्शन. अडथळा नुसता चट्ट्यांचाच नसतो, लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड तिथे कमी पडतं म्हणून त्या आवळल्या जातात, आणि गंमत म्हणजे पोटातल्या बाकीच्या रक्तवाहिन्या उलट सैल पडतात, त्यामुळे आधीच तुंबलेल्या शिरेत आणखी जास्त रक्त येत राहतं. मग रक्त दुसऱ्या वाटा शोधतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात ज्यांना व्हेरिसेस म्हणतात, प्लीहा मोठी होते, पोटात पाणी साठतं. या शिरा फुटल्या की रक्ताची उलटी, आणि आजच्या चांगल्या उपचारांतही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत साधारण १५ ते २० टक्के पेशंट दगावतात.

सिरॉसिस आहे पण अजून पोटात पाणी, रक्तस्राव, भ्रम, कावीळ यातलं काहीच झालेलं नाही अशा अवस्थेला कॉम्पेन्सेटेड म्हणतात, आणि यातलं एक जरी झालं की डीकॉम्पेन्सेटेड. पहिल्या अवस्थेतल्या लोकांचं सरासरी आयुष्य १२ वर्षांच्या पुढे आणि दुसऱ्यातल्यांचं साधारण २ वर्षं, असं २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात आलं होतं. हा फरक बघितला की कळतं की सगळी धडपड पहिल्या अवस्थेतच करायची असते. आणि त्या अवस्थेत माणसाला काहीच होत नसतं हो, तो चालतो फिरतो कामं करतो, म्हणूनच प्रेशर वाढलंय का हे कळायला टेस्ट लागते.

प्रेशर खरोखर मोजायची पद्धत वेगळी आहे. मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती लिव्हरच्या शिरेपर्यंत नेतात, टोकाला छोटा फुगा असतो, तो फुगवून रक्त अडवलं की एक प्रेशर मिळतं, फुगा सोडला की दुसरं, दोन्हींतला फरक म्हणजे एचव्हीपीजी. नॉर्मल माणसात हा १ ते ५ मिलिमीटर मर्क्युरी असतो. १० च्या वर गेला की व्हेरिसेस, पोटात पाणी वगैरेचा धोका सुरू होतो, १२ च्या वर शिरा फुटण्याचा. २००७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा एचव्हीपीजी १० च्या खाली होता त्यांच्यातले ९० टक्के लोक साधारण ४ वर्षांत डीकॉम्पेन्सेट झाले नाहीत, म्हणजे या १० च्या रेषेला खरंच वजन आहे. पण ही टेस्ट सगळीकडे होत नाही, करणारा माणूस तयारीचा लागतो, आणि ठणठणीत वाटणाऱ्या माणसाच्या मानेत दरवर्षी कोण नळी घालणार. फायब्रोस्कॅनची खरी किंमत इथे कळते. मानेत नळी न घालता 'याचं प्रेशर १० च्या वर असेल का' याचा अंदाज देणं, हे तिचं काम. माझ्या मते बाकीचं सगळं दुय्यम आहे.

आता प्रत्यक्ष टेस्ट कशी असते. हे मशीन पॅरिसच्या एकोसेन्स कंपनीचं, त्याच्यावरचा पहिला महत्त्वाचा पेपर २००३ चा. पाठीवर झोपवतात, उजवा हात डोक्यामागे, म्हणजे बरगड्यांमधली जागा उघडी होते. जेल लावतात आणि जाडसर पेनासारखा प्रोब दोन बरगड्यांच्या मधोमध काटकोनात टेकवतात. तिथल्या टेक्निशियन मुलीने मावशीला सांगितलं "काकू, श्वास नेहमीसारखा घ्या, फक्त हलू नका", आणि मग एक एक टिचकी. दुखत नाही, मावशीच्या शब्दांत सांगायचं तर कुणीतरी बोटाने टकटक करून विचारतंय आत कोण आहे. प्रत्येक टिचकीला स्क्रीनवर काळ्या-करड्या पट्ट्यात एक तिरकी रेघ उमटते. रेघ जितकी उभी तितकं लिव्हर कडक, हे मी त्या मुलीला विचारलं तेव्हा तिने हात न थांबवता दाखवलं. नीट उमटलेली किमान १० मोजमापं घेतात आणि सगळं ५ ते १० मिनिटांत आटपतं.

आत काय होतं तर प्रोब एक हलका धक्का देतो, त्याची लाट लिव्हरमधून जाते आणि तोच प्रोब अल्ट्रासाउंडने त्या लाटेचा वेग मोजतो. कडक वस्तूतून लाट भरभर जाते. लिव्हरचा कडकपणा ५ किलोपास्कल (रिपोर्टमधला आकडा याच मापात असतो) असेल तर लाट सेकंदाला साधारण १.३ मीटर जाते, २७ असेल तर ३ मीटर. मशीन ७५ पर्यंत मोजतं. कातडीखाली साधारण अडीच ते साडेसहा सेंटिमीटरवरचा, बोटाएवढ्या जाडीचा लिव्हरचा भाग यात मोजला जातो, जो बायोप्सीच्या सुईत येणाऱ्या तुकड्याच्या अंदाजे १०० पट मोठा असतो. हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण बायोप्सीत नेमका कमी चट्टे असलेला तुकडा आला तर चुकीचं चित्र उभं राहतं, इथे ती शक्यता बरीच कमी होते. सुई नाही, रक्त नाही, भूल नाही. यासाठी पूर्ण मार्क.

आता तक्रार. पहिल्यांदा ज्या सेंटरला गेलो तिथे अपॉइंटमेंट देताना कुणी सांगितलं नाही की उपाशीपोटी या. मावशीला डायबेटिस आहे, ती गोळी आणि जेवण चुकवत नाही, त्यामुळे नीट जेवून गेली. टेस्ट झाली, आकडा आला २६.३. रिपोर्टवर खाली लाल अक्षरात सिव्हियर वगैरे छापलेलं, मावशीचा चेहरा बघवत नव्हता. लिव्हरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "जेवून गेल्या होत्या का?" मग त्यांनी दुसरीकडे उपाशीपोटी परत करायला लावली आणि आकडा आला १९.८. जेवल्यावर आतड्यांकडून लिव्हरकडे येणारं रक्त वाढतं, आणि ज्याचं लिव्हर आधीच कडक आहे तिथे ते सामावून घ्यायला जागा नसते, म्हणून कडकपणा तात्पुरता वाढलेला दिसतो. निरोगी माणसात हा फरक थोडा, सिरॉसिसमध्ये जास्त. किमान ३ तास पोट रिकामं हवं, आणि हे सांगणं सेंटरचं काम आहे, पेशंटने शोधून काढायचं काम नाही. अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये एक ओळ टाकायला काय जातं! २६ आणि २० यात नुसते ६ आकडे नाहीत, पुढे सांगते तसं उपचाराची वाटच बदलते.

रिपोर्ट हातात आला की बहुतेक लोक मोठ्या अक्षरातला आकडा वाचतात आणि फाइल बंद करतात. प्लीज असं करू नका, बाजूला बारीक अक्षरात आयक्यूआर असतो तो बघा. १० मोजमापं एकमेकांशी किती जुळली ते त्यातून कळतं, आणि मधल्या आकड्याच्या (मोठ्या अक्षरात छापतात तोच) ३० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो रिपोर्ट भरवशाचा नाही. किती मोजमापं घेतली आणि कुठला प्रोब वापरला हेही लिहिलेलं असतं. एम प्रोब साध्या अंगकाठीसाठी, एक्सएल जाड माणसांसाठी, तो जरा खोलवर मोजतो. जाड माणसावर एम प्रोबने केलेली टेस्ट म्हणजे अर्धा वेळ चरबीच मोजल्यासारखं. २०१० मध्ये १३ हजारांहून जास्त टेस्टचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात ३.१ टक्के वेळा टेस्ट झालीच नाही आणि आणखी १५.८ टक्के वेळा आकडा आला पण तो विश्वास ठेवण्यासारखा नव्हता, मुख्य कारण लठ्ठपणा आणि करणाऱ्याचा कमी अनुभव. म्हणजे टेस्ट सोपी दिसते म्हणून कुणीही करावी असं नाही. मावशीच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये आयक्यूआर १४ टक्के होता आणि डॉक्टर ते बघूनच पुढचं बोलले.

आता आकड्यांचा अर्थ. यासाठी बवेनो नावाची परिषद आहे, इटलीतल्या त्याच नावाच्या गावात १९९० मध्ये पहिली झाली, जगभरातले पोर्टल हायपरटेन्शनवर काम करणारे लोक ठराविक वर्षांनी एकत्र बसून काय सिद्ध झालंय आणि काय नाही ते ठरवतात. सातवी बैठक २०२१ मध्ये झाली आणि तिचा अहवाल २०२२ मध्ये छापून आला. त्यात लक्षात ठेवायला सोपा पाचाचा नियम दिलाय, ५, १०, १५, २०, २५ किलोपास्कल. ५ पर्यंत लिव्हर बहुतेक नॉर्मल. १० च्या खाली, आणि बाकी काही लक्षणं नसतील, तर गंभीर जुनाट आजार जवळपास नाहीच. १० ते १५ म्हणजे शंका घ्यायला जागा, १५ च्या वर म्हणजे बहुतेक आहेच. आणि २५ किंवा वर म्हणजे नळी घालून मोजतात ते प्रेशर (एचव्हीपीजी) १० च्या पुढे गेलेलं आहे असं धरायला हरकत नाही. हा शेवटचा भाग व्हायरल हेपेटायटिस, दारूमुळे झालेला आजार आणि लठ्ठ नसलेल्या फॅटी लिव्हरवाल्यांसाठी पक्का आहे, लठ्ठ माणसांत फॅटी लिव्हर असेल तर तो तितका खात्रीचा नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

पण नुसता हा आकडा कधीच बघायचा नाही, सोबत प्लेटलेट हव्यात. साध्या सीबीसी रिपोर्टमधल्या प्लेटलेट, ज्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये पडून असतात. प्रेशर वाढलं की मोठी झालेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते, आणि प्लेटलेट बनवायचा सिग्नल देणारं द्रव्य लिव्हरमध्येच तयार होतं ते कमी पडतं, त्यामुळे आकडा घसरत जातो. १५ किंवा कमी किलोपास्कल आणि दीड लाख किंवा जास्त प्लेटलेट असतील तर प्रेशर धोक्याच्या रेषेच्या वर नाही असं धरतात. २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघणं) टाळता येते, कारण उपचार लागतील एवढे मोठे व्हेरिसेस सापडायची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी, मग दरवर्षी हीच दोन मोजमापं परत करायची. हा दुसरा नियम २०१५ च्या सहाव्या बवेनोपासून आहे. एंडोस्कोपीच्या नुसत्या नावाने झोप उडणाऱ्या किती लोकांची एक फेरी यामुळे वाचली असेल! एका साध्या टेस्टने दुसरी त्रासाची टेस्ट टाळणं, याला मी खरी सेवा म्हणते.

मावशी १९.८ आणि प्लेटलेट १ लाख २४ हजार, म्हणजे मधल्या धूसर पट्ट्यात. एंडोस्कोपी टळणारी नव्हती, प्लेटलेट कमी म्हणून. ती केली आणि अन्ननलिकेत छोटे व्हेरिसेस निघाले, आणि ते निघाले की प्रेशर रेषेच्या वर आहे हे ठरलंच, मग आणखी काही मोजायची गरज नाही. पोर्टल प्रेशर कमी करणारी कार्व्हेडिलॉल नावाची गोळी सुरू झाली. पहिल्या सेंटरचा २६.३ खरा धरला असता तर औषध कदाचित तसंही सुरू झालं असतं, पण कुणाच्या तरी बाबतीत १४ चे जेवणामुळे २१ होतील आणि ज्याला गरज नाही त्याला आयुष्यभराचं औषध लागेल, किंवा पुढच्या वर्षी उपाशीपोटी केल्यावर आकडा आपोआप कमी आला म्हणून 'बरं वाटतंय लिव्हरला' असा समज होईल. पहिली टेस्टच नीट हवी ती यासाठी.

औषधाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण टेस्टचं महत्त्व यामुळेच एवढं वाढलं. बीटा ब्लॉकर गटातली प्रोप्रॅनोलॉल १९८० च्या सुमारापासून पोर्टल प्रेशरवर वापरतात, सुरुवातीचं काम फ्रान्समधल्या लब्रेक यांच्या टीमचं. अनेक वर्षं ती फक्त रक्तस्राव टाळायला द्यायचे. व्हेरिसेस मुळात होऊच नयेत म्हणून त्याच गटातली टिमोलॉल देऊन पाहिली, २१३ पेशंटवरचा तो अभ्यास २००५ मध्ये आला, आणि उपयोग झाला नाही. पुढे स्पेनमध्ये प्रेडेस्की नावाची ट्रायल झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, प्रेशर १० च्या वर पण मोठे व्हेरिसेस नाहीत असे २०१ पेशंट, निम्म्यांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. डीकॉम्पेन्सेशन किंवा मृत्यू औषधवाल्यांत १६ टक्के आणि दुसऱ्या गटात २७ टक्के, आणि फायदा मुख्यतः पोटात पाणी होणं कमी झाल्यामुळे. म्हणजे काहीच त्रास नसलेल्या माणसाला वेळेवर गोळी दिली तर पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं लांबवता येतं! मी हे वाचलं तेव्हा मला खरंच धीर आला. फक्त त्या ट्रायलमध्ये पेशंट निवडताना प्रेशर नळी घालूनच मोजलं होतं, फायब्रोस्कॅनने नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बवेनोवाल्यांनी यात कार्व्हेडिलॉलला पसंती दिलीय, कारण ती लिव्हरमधल्या आवळलेल्या रक्तवाहिन्यासुद्धा थोड्या सैल करते. दमा असेल, नाडी आधीच मंद असेल, वरचं बीपी ९० च्या खाली जात असेल तर ही औषधं चालत नाहीत, त्यामुळे रिव्ह्यू वाचून कुणी मेडिकलमधून आणून खाऊ नका.

एक स्टार का कापला ते आता. हे मशीन कडकपणा मोजतं, चट्टे मोजत नाही. लिव्हर दुसऱ्या कारणाने ताठरलं तरी आकडा वर जातो. हार्ट फेल्युअरमध्ये रक्त मागे तुंबतं तेव्हा, पित्ताची नळी अडलेली असते तेव्हा, ताज्या हेपेटायटिसमध्ये एन्झाइम्स भरपूर वाढलेले असतात तेव्हा, आणि नुकतंच भरपूर मद्यपान चालू असेल तेव्हा आकडा फुगलेला येतो. दारू सोडल्यावर काही आठवड्यांतच तो खाली येतो, ते चट्टे विरघळल्यामुळे नाही तर सूज उतरल्यामुळे. हेपेटायटिस सी बरा झाल्यावरही तसंच, आकडा झपकन उतरतो आणि माणसाला वाटतं सुटलो, पण ज्यांचं प्रेशर आधी धोक्याच्या वर होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत ते उपचार संपल्यावर सहा महिन्यांनीही वरच राहिलेलं दिसलंय. त्यांच्यासाठी बवेनोने वेगळी रेषा दिलीय, १२ च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर, तरच निश्चिंत व्हा.

पोटात पाणी झालं असेल तर हे मशीन चालतच नाही, लाट पाण्यातून पुढे जात नाही. आणि तशीही त्या अवस्थेत या टेस्टची गरज नसते, प्रेशर वाढलंय हे पोटच सांगतंय. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली असेल तर कुठल्याही स्कॅनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला पळायचं, तिथे रक्तवाहिन्या आवळणारं औषध, अँटिबायोटिक आणि १२ तासांच्या आत एंडोस्कोपी करून बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवणं), असा क्रम असतो. तिथे नातेवाईकांनी "अजून रक्त चढवा" म्हणून मागे लागू नये हेही सांगून ठेवते, २०१३ मध्ये ९२१ पेशंटवरच्या एका ट्रायलमध्ये हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले पेशंट, ९ च्या खाली गेल्यावर दिलेल्यांपेक्षा जास्त वाचले, सहा आठवड्यांत ९५ टक्के आणि ९१ टक्के. जास्त रक्ताने पोर्टल प्रेशर परत वर जातं.

सगळ्यात मोठी फसगत मात्र वेगळ्याच पेशंटची होऊ शकते. ज्यांना सिरॉसिस नसताना पोर्टल हायपरटेन्शन असतं, म्हणजे पोर्टल व्हेनमध्येच गुठळी होऊन ती बंद पडलेली किंवा लिव्हरमधल्या बारीक शिरांचाच आजार, त्यांचं लिव्हर फारसं कडक नसतं आणि फायब्रोस्कॅन ७-८ येतो, मस्त हिरव्या पट्ट्यात. आणि अन्ननलिकेत मात्र टरारून फुगलेल्या शिरा. प्लीहा मोठी, प्लेटलेट कमी आणि फायब्रोस्कॅन चांगला, असं तिन्ही एकत्र दिसलं तर आनंद मानू नका, तो विरोधाभासच निदानाची खूण असतो, डॉपलर सोनोग्राफी (शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी) करा आणि लिव्हरचा डॉक्टर गाठा. हे एका छापील ओळीत प्रत्येक रिपोर्टखाली असायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

कॅपबद्दल थोडक्यात. त्याच टेस्टमध्ये चरबीचा अंदाज देणारा कॅप नावाचा दुसरा आकडा येतो, १०० ते ४०० डेसिबल प्रति मीटर. लोक दोन्ही आकड्यांची गल्लत करतात. सिरॉसिस पुढे गेला की लिव्हरमधली चरबी कमी होऊ शकते, त्यामुळे कॅप सुधारला म्हणून पेढे वाटू नयेत. पोर्टल प्रेशरसाठी या आकड्याचा उपयोग जवळपास नाही.

पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर टेस्टआधी सांगा. आणि शक्य असेल तर दरवर्षी त्याच सेंटरला, त्याच प्रोबने, उपाशीपोटी करा, नाहीतर मागच्या आणि आताच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. १९.८ चे २१ झाले म्हणून रडायचं नाही आणि १८.५ झाले म्हणून नाचायचंही नाही, एवढा फरक मोजण्यातलाच असतो. बवेनोनुसार आकडा खरंच कमी झाला असं म्हणायला २० टक्के तरी घट हवी आणि नवा आकडा २० च्या खाली हवा, किंवा मग थेट १० च्या खाली यायला हवा. मावशीच्या बाबतीत हा हिशेब १५.८ वर बसतो, मी तो तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर पेन्सिलने लिहून ठेवलाय.

शेवटचं, नवीन मशीनमध्ये प्लीहेचा कडकपणा मोजायची सोय असते, त्यासाठी १०० हर्ट्झचा वेगळा मोड आहे. प्लीहा थेट पोर्टल व्हेनला जोडलेली, त्यामुळे प्रेशर वाढलं की तिथे ते आधी उमटतं आणि लिव्हरमधल्या चट्ट्यांवर ती तितकी अवलंबून नसते. व्हायरल हेपेटायटिसच्या पेशंटमध्ये २१ च्या खाली असेल तर धोका नाही आणि ५० च्या वर असेल तर आहे, असे आकडे सातव्या बवेनोत दिलेत, आणि ४० किंवा कमी असेल तर एंडोस्कोपी टाळायलाही मदत होते. मावशीसारख्या मधल्या पट्ट्यातल्या लोकांना याचा सगळ्यात जास्त उपयोग व्हावा. आम्ही गेलो त्या दोन्ही सेंटरला ही सोय नव्हती. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारून घ्या, "स्प्लीनचं मोजता का?", आणि त्याच फोनवर किती तास उपाशी राहायचं तेही विचारा, त्यांनी सांगितलं नाही तरी.